शंभर टक्के बिराजदार

हार्लन क्रीक विद्यापीठात शिरायचं तर आधी फुंकर मारावी लागे. विद्यार्थी, प्राध्यापक, झाडूवाले, पिझ्झा पोचवणारे, सगळे त्या पितळी रंगाच्या कमानीखाली थांबत, पुढे आलेल्या नळीत फुंकत आणि वर उमटणाऱ्या आकड्याकडे मान वर करून बघत. साठाच्या वर आकडा आला की हिरवा दिवा. खाली आला की नारिंगी, आणि मग बाजूच्या टेबलावर पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार अशी सगळी वरात. कमानीचं अधिकृत नाव ‘वेलकम गेट’. हे नाव ठेवणाऱ्याला विनोदाची उत्तम जाण होती की अजिबातच नव्हती, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

डॉ. मल्लिनाथ बिराजदारांचा आकडा रोज शंभर येई.

“गुड मॉर्निंग, मिस्टर हंड्रेड!” दारावरचा रखवालदार अर्ल रोज सलाम ठोके. अर्लचा जन्म याच गावातला, त्याच्या आजोबांचाही. पण त्याचा स्वतःचा आकडा कधी अठ्ठ्याऐंशीच्या वर गेला नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. “डॉक्टर, तुम्ही नेमकं करता तरी काय?”

“काही नाही. वेळेवर जेवतो,” मल्लिनाथ सांगत आणि पाय उचलत. कारण कमानीपाशी फार वेळ रेंगाळायची त्यांना भीती वाटे. यंत्र त्यांनीच बनवलेलं होतं.

अर्थात माणसं तपासायला नव्हे, मध तपासायला. अक्कलकोटजवळच्या खेड्यातून आलेला हा माणूस चौदा वर्षं या मक्याच्या राज्यात मधातली भेसळ पकडत होता. त्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. कार्बनचे अणू दोन वजनांचे असतात, बहुतेक हलके आणि शंभरात एखादा किंचित जड. झाडं हवेतून कार्बन घेतात तेव्हा बरीचशी झाडं जड अणूला टाळतात. भात, गहू, डाळी, फळझाडं ही सगळी अशी चोखंदळ. पण मका आणि ऊस यांच्यासारखी उन्हाळी गवतं तेवढे नखरे करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात जड कार्बन जरा जास्त सापडतो. मधमाशी फुलावर बसते, म्हणून खऱ्या मधात तो कमी. व्यापाऱ्याने मक्याचा पाक ओतला की लगेच वाढतो. मल्लिनाथांची पेटी लेझरच्या झोताने हा फरक क्षणात मोजायची. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘मधुपारखी’.

मग केंद्र सरकारचा नवा नियम आला. ज्या विद्यापीठाला संशोधनासाठी अनुदान हवं, त्याने निवास-पडताळणी खात्याला सहकार्य करायचं. कोण खरोखर इथे राहतं आणि कोण नुसतं कागदावर राहतं, हे दर आठवड्याला कळवायचं. बाकीची विद्यापीठं डोकं खाजवत बसली. हार्लन क्रीकचे संशोधन-प्रमुख व्हिटकॉम्ब मात्र एके दिवशी प्रयोगशाळेत आले, मधुपारखीकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. जे मधाला, तेच माणसाला! अमेरिकन माणूस म्हणजे चालताबोलता मका. त्याच्या कोंबडीला मका, गाईला मका, सोड्यात मक्याचा पाक, पावातही पाक. खाल्लेलं अन्न चार-दोन दिवसांत श्वासातून बाहेर पडतंच. म्हणजे ज्याच्या श्वासात मका नाही, तो इथे जेवत नाही. जो इथे जेवत नाही, तो इथे राहत नाही.

खातं खूश झालं. अनुदान दुप्पट झालं. मल्लिनाथांच्या खोलीला नवीन गालिचा आला.

आता राहिली शंभराच्या आकड्याची गोष्ट. लेझर लहरी असतो. वाजवण्याआधी तंबोरा लावून घ्यावा लागतो, तसा त्याला रोज सकाळी एक ओळखीचा श्वास द्यावा लागतो. त्याच्याशी जो जितका जुळेल, तितका त्याचा आकडा मोठा. यासाठी खास वायूची टाकी मिळते. पण ती मागवण्याची विनंती खरेदी विभागात जी अडकली ती अडकलीच. तेव्हा मल्लिनाथ मधाच्या दिवसांपासून रोज सकाळी स्वतःच नळीत फुंकत. त्यांचा श्वास मक्याच्या पाकाशी तंतोतंत जुळतो हे त्यांच्या कधीच लक्षात आलं होतं, आणि काम भागतंय यापलीकडे त्याचा विचार त्यांनी केला नव्हता. पुढे कमानी आल्या. त्या सगळ्या प्रयोगशाळेतल्या मूळ पेटीवरून सूर घेऊ लागल्या. इंजिनियरने विचारलं, “नमुना क्रमांक एक कोण?” मल्लिनाथांनी लिहून दिलं, ‘प्रौढ पुरुष, स्थानिक रहिवासी’. खोटं त्यात काहीच नव्हतं. सगळ्यांनी मनाशी एखादा टोपीवाला शेतकरी धरला, आणि मल्लिनाथांनी तो त्यांना खुशाल धरू दिला.

हे असंच चाललं असतं. पण एका सोमवारी नियम बदलला: कागद बरोबर असले तरी परदेशी माणसाचा तीन दिवस ओळीने नारिंगी दिवा आला की नोटीस. त्यात दीपश्री राऊळ सापडली, आजवर कागद दाखवून आत जाणारी.

दीपश्री ही त्यांची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, सावंतवाडीची. प्रबंध लिहून तयार, तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात. तिचा आकडा आला अकरा. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात नोटीस पडली: ‘आपण गेले वर्षभर या देशात राहत असल्याचं आपल्या श्वासावरून दिसून येत नाही.’ पुढच्या सोमवारी खात्याची समिती यायची होती. तिच्यासमोर पुन्हा फुंकायचं आणि आकडा तोच आला तर व्हिसा रद्द.

“सर, मी रविवारीसुद्धा लॅबमध्ये असते!” ती खुर्चीत आदळत म्हणाली. चिडली की तिचं पुस्तकी मराठी गळून पडे. “मी काय रोज सावंतवाडीसून येतंय?”

“शांत हो. तू खातेस काय?”

“काय म्हणजे? उकडो भात. कुळथाची पिठी. सुको बांगडो.”

“आणि रविवारी?”

“घावणे.”

“म्हणजे तांदूळच,” मल्लिनाथ म्हणाले. तांदळाविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. सोलापूरकडच्या माणसाच्या दृष्टीने भात हे आजाऱ्याचं जेवण. त्यांनी सुस्कारा टाकून आपला डबा उघडला. त्यात कडक भाकरी होती. त्यांच्या पत्नी महानंदाबाई रात्री ताजी भाकरी थापत, डब्यासाठी मात्र दर फेरीत सोलापूरहून ही पापडासारखी वाळलेली भाकरी बॅग भरून आणत. शेंगाचटणी होती, गुळाचा खडा होता, वर दही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायचे थांबले.

ज्वारी.

ज्वारी हे मक्याचं सख्खं भावंड. तसलंच उन्हाळी गवत. प्रयोगशाळेत कुणी विचारलं असतं तर त्यांनी झोपेतसुद्धा हे सांगितलं असतं, आपल्याच ताटात मात्र कधी दिसलं नव्हतं. दोन वेळा ज्वारी, वर उसाचा गूळ, आणि दही मक्यावर पोसलेल्या गाईचं! हार्लन क्रीकमधला सगळ्यात अस्सल अमेरिकन अक्कलकोटचा निघाला होता, आणि त्याच्याशी जुळत नाही म्हणून ही पोरगी घरी जायला निघाली होती.

“सर, काय झालं? भाकरी लागली का दाताला?”

“हो,” मल्लिनाथ म्हणाले.

ते तडक व्हिटकॉम्बांकडे गेले. व्हिटकॉम्ब हा मुळात गोड माणूस. टेबलावर कायम मक्याच्या लाह्यांचं मोठं भांडं, आणि येणाऱ्याला ते पुढे करायची सवय.

“सर, हे गेट माणूस कुठे राहतो ते सांगत नाही. काय खातो ते सांगतं.”

“तेच तर, मल्ली! इथे राहणारा इथलंच खाणार.”

“दीपश्री भात खाते. तो इथल्याच दुकानातून आणते.”

“मग थोडे दिवस बर्गर खा म्हणावं.” व्हिटकॉम्बांनी लाह्यांचं भांडं सरकवलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ. सोमवारी समिती अनुदान वाढवायला येते आहे. ते कागदावर उतरू दे, मग बोलू. तुझी ग्रीन कार्डाची फाइल आमच्याकडेच आहे ना? विद्यापीठ तुझ्या पाठीशी आहे. खातं विद्यापीठाच्या पाठीशी आहे तोवर.”

मल्लिनाथांच्या तोंडात तिसरं वाक्य तयार होतं. ‘नमुना क्रमांक एक म्हणजे मी.’ पण चौदा वर्षांची रांग त्यांच्या डोळ्यांसमोर आली, मुलीची शाळा आली, घराचा हप्ता आला. त्यांनी ते वाक्य चार लाह्यांबरोबर गिळून टाकलं. बाहेर आल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या लाजेपोटीच त्यांनी संध्याकाळी दीपश्रीला घरी बोलावलं. महानंदाबाईंनी पिशवी भरून कडक भाकऱ्या दिल्या.

“चार दिवस हेच खायचं बघ, बाळ. भाताला शिवायचं नाही. सोमवारी कशी हिरवीगार होतीस!”

दीपश्रीने पिशवीत बघितलं, मग सरांकडे बघितलं. “म्हणजे मी आकड्यासाठी भाकरी खायची?”

“चार दिवस फक्त.”

“सर, एका व्यापाऱ्याने मधात पाक मिसळला तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता? नमुन्याला हात लावणाऱ्याला माझ्या लॅबमध्ये जागा नाही. मग आता मलाच पाक घालताय?”

“अगं, ते तुला परत पाठवतील!”

“माहीत आहे.” तिने पिशवी खाली ठेवली. “पाच वर्षांचं काम आहे, सर. मला नाही जायचं. पण चूक माझ्यात नाही. ज्याच्याशी ताडून बघतात त्याच्यात आहे. तो नमुना क्रमांक एक कोण माणूस आहे तो शोधा ना! काय खातो मेलो?”

महानंदाबाई नवऱ्याकडे बघू लागल्या. मल्लिनाथ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

“बघतो,” ते म्हणाले.

पोरगी पिशवी तिथेच ठेवून गेली. महानंदाबाईंनी ताट वाढलं. मल्लिनाथांनी भाकरीकडे एकदा प्रेमाने पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

“महानंदा, भात लाव.”

“भात? कुणाला बरं नाही?”

“मलाच. आणि दही-गूळ बंद. सोमवारपर्यंत नुसता भात आणि डाळ.”

“डोस्कं फिरलंय काय ओ तुमचं? भाकरी करून करून माझे हात झिजले, आता भात लाव म्हणायलाव?”

तेव्हा त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. महानंदाबाई ऐकता ऐकता पाटावर बसल्या.

“म्हंजे ही अख्खी अमेरिका तुमच्या तोंडाकडं बघून चालायलीय?”

“तूर्त एवढं विद्यापीठ.”

“आणि तुम्ही भात खाल्ला की?”

“की नमुना भातखाऊ. मग जो भात खातो तो इथला. जो मका खातो तो परका.”

बाई हसल्या, मग पाटावरून उठल्या. “आपल्या कार्डाचं काय?”

बाईंनी पदर खोचला, कपाटातून कुकर काढला आणि तांदूळ धुवायला घेतले. जाता जाता एवढंच म्हणाल्या, “मऊ हवा का मोकळा?”

पुढचे दिवस मल्लिनाथांना फार कठीण गेले. भाताने पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. ते भाकरीच्या आठवणीने कासावीस होत. कमानीखाली त्यांचा स्वतःचा आकडा अर्थातच शंभर. नमुना स्वतःशी जुळणार नाही तर कुणाशी? अर्लचा मात्र शुक्रवारी एकाहत्तर आला.

“डॉक्टर, मला काही आजार आहे का?” त्याने घाबरून विचारलं. घाबरून तो दुप्पट बर्गर खाऊ लागला, आणि शनिवारच्या पाळीत त्रेसष्टवर आला. मल्लिनाथांना त्याची दया आली, पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे काही केलं नाही.

सोमवार उजाडला. मल्लिनाथांनी नेहमीप्रमाणे मूळ पेटीत फुंकर मारली आणि ते दारापाशी येऊन उभे राहिले.

आधी फुटबॉलचा संघ आला. एकामागोमाग एक अकरा धिप्पाड पोरं नारिंगी. मग पाठोपाठ बँडपथक, तुताऱ्यांसकट नारिंगी. टेबलापाशी रांग लागली, रांगेला शेपूट फुटलं. समितीच्या अध्यक्ष मिसेस डोनोव्हन व्हिटकॉम्बांबरोबर गाडीतून उतरल्या तेव्हा एक जाडजूड ढोलवाला भाडेकरार शोधत पाठपिशवी उलटी करत होता.

“चोख व्यवस्था दिसते,” मिसेस डोनोव्हन म्हणाल्या.

“आम्ही कुणाचीही गय करत नाही,” व्हिटकॉम्ब म्हणाले आणि ऐटीत फुंकले.

सात.

कमान नारिंगी झाली. अर्ल गोंधळला, पण नियम त्याला पाठ होते. “सर, टेबलापाशी या. पासपोर्ट.”

“अर्ल, मी आहे! ही इमारत माझ्या पणजोबांच्या नावाची आहे!”

“पासपोर्ट, सर. नाहीतर भाडेकरार.”

मिसेस डोनोव्हनना हसू आलं. त्या पुढे झाल्या आणि फुंकल्या. चार. त्यांचं हसू मावळलं.

तेवढ्यात दीपश्री आली. साधा सलवार-कुर्ता, हातात नोटीस, डोळे रडून लाल. तिने समितीकडे न बघता नळी धरली आणि फुंकर मारली.

अठ्ठ्याण्णव. हिरवा दिवा तिच्या चेहऱ्यावर पडला. ती आकड्याकडे बघत राहिली, मग हळूच मान वळवून सरांकडे.

“यंत्र बिघडलंय!” टेबलापासून व्हिटकॉम्ब ओरडले. “मल्ली, सांग यांना! बिघडलंय ना?”

ही खरी सुटकेची वाट होती. ‘हो’ म्हटलं असतं तर यंत्र दुरुस्तीला गेलं असतं, दीपश्रीची सुनावणी पुढे ढकलली गेली असती, आणि दोन दिवसांत भाकरी खाऊन सगळं पूर्ववत करता आलं असतं. दीपश्री अजून त्यांच्याकडेच बघत होती.

“यंत्र उत्तम चाललंय,” ते म्हणाले. “नमुना बदललाय. नमुना क्रमांक एक म्हणजे मी.”

ढोलवाल्याची पाण्याची बाटली गडगडत गेली.

“तुम्ही अमेरिकन आहात?” मिसेस डोनोव्हननी विचारलं.

“नाही, बाई. रांगेत आहे. चौदा वर्षं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मका, ज्वारी, गूळ, खरेदी विभागात अडकलेली टाकी. आणि हे माहीत असून गेल्या आठवड्यात आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. “गेल्या बुधवारपर्यंत मी भाकरी खात होतो तेव्हा ही मुलगी परकी होती. चार दिवस भात खाल्ला तर तुमचं गाव परकं झालं. ती तिथेच आहे, तुम्ही तिथेच आहात. फरक पडला तो माझ्या स्वयंपाकघरात. या आकड्यावर तुम्ही कुणाला देशाबाहेर काढणार?”

मिसेस डोनोव्हननी पर्समधून वही काढली. “ज्वारीची ती... काय म्हणालात?”

“भाकरी.”

“भाकरी,” त्यांनी टिपून घेतलं.

दीपश्रीवरची नोटीस त्याच दुपारी मागे घेतली गेली. कमानी उतरवून गोदामात गेल्या. मधुपारखी पुन्हा मधाकडे वळली, पण नवीन गालिचा आणि अनुदान दोन्ही गेलं, आणि व्हिटकॉम्ब लाह्यांचं भांडं मल्लिनाथांपुढे करेनासे झाले. दीपश्री राऊळची डॉक्टर राऊळ झाली. पेढे मिळाले नाहीत म्हणून तिने घावण्यांत गूळ-खोबरं भरून सगळ्या विभागाला वाटले. अर्लने चार खाल्ले.

समितीच्या अहवालात मात्र एक ओळ उरलीच. ‘परदेशी नागरिक असलेल्या व्यक्तीने दोन वर्षं प्रमाण अमेरिकन म्हणून काम कसं केलं, याची चौकशी व्हावी.’ आता सुनावणीची नोटीस मल्लिनाथांच्या नावाने आली. वकीलबाई ती वाचून खुर्चीत मागे रेलून हसल्या. “डॉक्टर, सरकारी यंत्राने दोन वर्षं रोज सकाळी तुम्हाला शंभर टक्के अमेरिकन म्हटलंय. यापेक्षा चांगला साक्षीदार मी कुठून आणू?” तरी मल्लिनाथांना झोप येईना. भीती वाटायची ती वाटतच होती.

सुनावणीच्या आदल्या रात्री दीपश्री जेवायला आली. महानंदाबाई परातीपाशी बसून तिघांच्या जेवणाचा विचार करत होत्या.

“उद्या तिथं फुंकायला लावलं तर? आज काय करू ओ, भाकरी का भात?”

“नमुन्याला हात लावायचा नाही, काकू,” दीपश्री म्हणाली. “सर रोज खातात तेच करा.”

“मग भाकरीच.” बाईंनी पिठाचा डबा ओढला.

मल्लिनाथ घुटमळले. त्यांनी दीपश्रीकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि खजील होऊन म्हणाले, “थोडा भातपण टाक. मऊ. सवय लागलीय आता.”